मी गाळलेली अव्ययं

नवी सून असताना मी केलेला सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे सासूबाईंचं पत्र ‘सुधारून’ पाठवलं. आत्ता समोर नात रुसलेल्या मैत्रिणीला मोबाइलवर लिहितेय, ‘ये ना गं’. ‘ना’ पुसते, पुन्हा घालते, आणि इकडे माझाच जीव टांगणीला.

तेव्हा मी भाषाशास्त्रात एम.ए.! ना, गं, की, हं असल्या अव्ययांना स्वतःचा अर्थच नसतो, असं परीक्षेत ठणकावून आलेली शहाणी. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या लेकीला सासूबाईंनी दोन वर्षांनी पत्र सांगितलं. त्यांना लिहिता येत नसे. ‘ये ना गं बाई, एकदा तरी ये की. वाट बघतेय हं मी.’ मी लिहिलं, ‘एकदा ये. मी वाट पाहत आहे.’ वर स्वतःवरच खूश!

आठ दिवस सासूबाई पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसल्या. नवव्या दिवशी वन्संचं कार्ड आलं. मीच वाचून दाखवलं, ‘आई अजून रागातच दिसते. मी येत नाही.’

‘मी कधी गं रागावले?’ एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं.

आपण रागात नाही, हे सांगायला भाषेला केवढीशी जागा लागते! तीच मी केरात टाकली होती. मी सगळं कबूल केलं. सासूबाई कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, ‘अक्षर तुझं, बोलणं माझं. आणि सांगताना मी रडले, तर तेही लिही.’