पुसलेली गाणी

पुरात जुन्या टेपांचं खोकं वाहून गेलं, तेव्हापासून नोरीनने एकच हट्ट धरला होता: कुठलीही चीज एका जागी ठेवायची नाही. आपल्या आदिवासी माणसांची गाणी, गोष्टी, जुने फुटबॉलचे सामने, सगळं तीन ठिकाणी: ॲलिस गावी तिच्या ऑफिसात, डार्विन शहरात आणि तीनशे किलोमीटरवरच्या वस्तीतल्या पत्र्याच्या वाचनालयात. एका जागची प्रत गेली, की उरलेल्या जागा ती आपोआप भरून काढत. ही शिस्त तिनेच लावलेली, आणि त्याचा तिला तोराही भारी.

मग वस्तीतला म्हातारा गवई वारला. त्यांच्या रीतीने गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, घरचे सांगेपर्यंत आवाजही ऐकायचा नाही; म्हणून इथेही त्याचं नाव येणार नाही. नोरीनने त्याची गाणी डिस्कवर उतरवून कपाटात कुलूपबंद केली आणि ॲलिस-डार्विनमधून पुसली. वस्तीची इंटरनेटची लाइन नेमकी बंद होती. ‘लाइन आली की तिथलंही पुसलं जाईल,’ म्हणत तिने गाडी काढली नाही. पुसल्याची नोंद मशीन दहाच दिवस ठेवतं, हे बाई साफ विसरल्या.

सोळाव्या दिवशी सकाळी लाइन आली. नोरीनने यादी उघडली आणि चहाचा घोट तोंडातच राहिला. गाणी परत आली होती. पुसल्याची नोंद केव्हाच मिटली होती, म्हणून वस्तीच्या मशीनला वाटलं, बाकीच्यांनी हरवली; त्याने इमानेइतबारे पाठवून दिली. आणि लाइन आली की वाचनालयातला टीव्ही सगळं एकामागून एक वाजवायला लागतो. वाचनालयाच्याच मागच्या सावलीत म्हाताऱ्याची बायको शोकाला बसली होती.

नोरीनने वाचनालय सांभाळणाऱ्या व्हर्नाला फोन लावला.

“व्हर्ना, टीव्ही बंद कर. आत्ता.”

“सकाळी सकाळी भूत बघितलंस की काय? किती दिवसांनी लागलाय. मॅच चालू आहे.”

“त्याची गाणी आहेत त्यात.”

“तू तर म्हणालीस, काढली.”

“वायर ओढ गं, बाई.”

व्हर्नाच्या चपला धावल्या, खुर्ची पडली. तेवढ्यात टीव्हीवर म्हातारा खोकला. गाण्याआधी तो नेहमी खोकायचा. दोन ओळी झाल्या आणि आवाज तुटला. मग बाहेर बायका रडू लागल्या. फोन ठेवून कुठेतरी पळून जावं असं नोरीनला वाटलं, पण तेवढीही हिंमत होईना.

बऱ्याच वेळाने फोनवर डोराआत्या आली, गेलेल्याची थोरली बहीण. बायको बोलणार नव्हती. शोक संपेपर्यंत तिने गप्पच राहायचं असतं.

“नोरीन ना?”

“आत्या, चुकलं माझं. तुमच्याकडच्या मशीनला निरोपच पोचला नाही.”

“कसा पोचेल? असा निरोप घेऊन माणूस जातं. तू आली होतीस?”

“नाही.”

“रडायला तरी आलीस?”

नोरीनने पुन्हा ‘नाही’ म्हटलं.

“आम्ही त्याला पोचवून आलो होतो गं,” आत्या हळूच म्हणाली. “तू परत आणलास. आता ये, आणि तूच पोचव.”

नोरीन “येते” म्हणाली. गाडीची किल्ली समोरच होती, पण तिला उठवेना.