चिंचेचं पाणी आणि तुळस

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे मी तेरहून अणदूरला लग्न होऊन आले. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या देवाच्या तांब्याच्या भांड्यांना सणासुदीलाच चिंच लावायच्या, एरवी राख. मला त्यांची मर्जी राखायची होती, म्हणून मी रोज चिंच लावू लागले. ताम्हण, पळी, कलश, सगळं कसं नव्या पैशासारखं! धुतलेलं पाणी मोरीत सोडायचं नाही, देवाचं पाणी पायदळी यायला नको. मग ते जायचं तुळशीत.

दिवाळीच्या आधी तुळशीचं लक्षण बिघडलं. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जून पानं जांभळट. शेजारची काकू म्हणाली, "अगं बया, रामतुळशीची कृष्णतुळस कवा झाली?"

ती हसली. आत्याबाई हसल्या नाहीत.

"विटाळात हात लावलास का गं?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाय हो आत्याबाई, शपथ."

तुळस वाळली. त्यांनी मीठमोहरीनं वृंदावनाची दृष्ट काढली, नवी माती घालून नवं रोप लावलं, अन् मी दिवाळीला माहेरी गेले. परत येऊन बघते तर रोप फोफावलेलं.

"बघ, तू नव्हतीस तर कशी वाढली," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता आणखी मन लावून करावं. पुन्हा चिंच, पुन्हा ते पाणी. संक्रांतीपर्यंत पानं पुन्हा पिवळी!

आता त्यांना पुरावाच मिळाला. "हात वाईट हाय हिचा. जिथं तुळस जगंना, तिथं लेकरू काय जगायचं? शिमगा झाला की तेरला पोचव. कायमची." त्यांचा लेक, म्हणजे आमचे हे, दोर वळत बसले होते. वळतच राहिले.

खरं सांगू? मलाच ते पटायला लागलं होतं. पिठात हात घालायचा तरी धडकी भरायची. मग एक दिवस मनात आलं, माहेरच्या तुळशीला मीच तर पाणी घालत होते! तिला काही झालं नाही. हात तोच, मग वेगळं काय? तिथं भांडी पितळेची, राखेनं घासलेली, अन् ते पाणी जायचं अळवाला. मी वृंदावनातली माती उकरली. मुळ्या आखूड, काळ्या, जळाल्यासारख्या.

धीर करून बोलले. "आत्याबाई, शिमग्यापर्यंत बघा. फुटक्या घागरीत एक रोप लावते, त्याला मी नुसतं विहिरीचं पाणी घालीन. वृंदावनात दुसरं नवं रोप लावू, त्याला तुम्ही घाला, चिंचेनं घासलेल्या भांड्यांचं. तुमच्या हातानं."

"मला शिकवतीस व्हय?" पण कबूल झाल्या. मला घालवायला त्यांना तेवढंच निमित्त हवं होतं.

पुढं शेतकीची पुस्तकं वाचली तेव्हा उलगडलं. चिंचेच्या आंबटानं तांबं पाण्यात उतरतं. झाडाला ते चिमूटभर लागतं. जास्त झालं की मुळ्या खुरटतात, लोह पानापर्यंत पोचत नाही, पानं पिवळी पडतात. संकटात झाड जांभळा रंग तयार करतं. पेशीत गंधक असलेले बारके पदार्थ बनवतं, ते तांब्याला धरून ठेवतात, अन् पेशीतल्याच कोठीत कोंडतात. मोहरी त्यात तरबेज. दृष्ट काढताना सांडलेली मोहरी त्याच मातीत हिरवीगार उभी होती, आम्हा दोघींपैकी कुणी तिला विचारलं नाही!

पण तेव्हा हे कुठं ठाऊक होतं? रोज उठून आधी दोन्ही रोपं बघायची. माझं हिरवं दिसलं तरी भीती, रात्रीत कोमेजलं तर?

शिमगा झाला. ह्यांनी बैलं जुंपली. माझं गाठोडं ओसरीवर. आत्याबाई वृंदावनापाशी गेल्या. त्यांच्या हातचं रोप पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या. घागरीतलं माझं मंजिरीवर आलेलं. त्यांनी पिवळं पान खुडलं, बोटांत चुरगाळलं, अन् लेकाला म्हणाल्या, "बैलं सोड."

माझ्याकडं न बघताच आत जाता जाता बोलल्या, "उरलेली चिंच आमटीला घाल."