शिक्का कापलेलं पोस्टर

सोमवारी दुपारी पुण्याचं लग्न उरकून दिवेआगरला पोचले, पडवीत पाऊल टाकलं आणि बॅग हातातून सुटलीच. माझं पोस्टर भिंतीला टेकवून ठेवलं होतं... आणि ते लखलखत होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते लॅमिनेट करून आणलं होतं.

ज्यांना माझं वेड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जपानमध्ये चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कार्टून मालिकेच्या गाण्यांची नवी रेकॉर्ड निघाली की कंपनी दुकानदारांना भिंतीवर लावायला पोस्टर फुकट द्यायची. महिन्याभरात ते फाडून तिथे दुसरं लागायचं. त्यातली जी चुकून वाचली ती मी जमवते... एकोणीस होती, हे विसावं.

समुद्राकाठी राहून कागद जमवायचा म्हणजे हौसेला मोल नाही हेच खरं. आमच्याकडे सकाळी तळलेला पापड दुपारी वातड होतो. मी दर दोन दिवसांनी कपाट उघडते, पोस्टरं वारा लागेल अशी पसरते, सिलिका जेलच्या पुड्या बदलते. आई म्हणते, एवढी सेवा देवाची केली असतीस तर तो प्रसन्न तरी झाला असता.

हे विसावं पोस्टर मला जपानमधल्या एका आजींनी पाठवलं होतं. त्यांच्या यजमानांचं रेकॉर्डचं दुकान होतं. यजमान गेले, दुकान पाडलं, आणि दुकानाचं नाव कुठे उरलं असेल तर ते या पोस्टरच्या खालच्या पांढऱ्या कडेवरच्या लाल शिक्क्यात. आजींनी एक पैसा घेतला नाही. भिंतीवर लावलंस की शिक्का दिसेल असा फोटो पाठव, एवढंच मागितलं होतं.

आता लॅमिनेशनबद्दल. हे मी अप्पांना दहा वेळा, अगदी हात जोडून सांगितलेलं आहे... जुन्या कागदावर गरम प्लास्टिक बसवलं की तो कागद कायमचा गेला, ते पुन्हा निघत नाही. दहाही वेळा त्यांनी मान डोलावली होती. पण कौलं उडवून सगळं घर भिजवून गेलेलं ते वादळ आल्यापासून हा माणूस दिसेल तो कागद लॅमिनेट करतो. सातबारा, रेशनकार्ड, माझी दहावीची मार्कशीट, आमच्या होमस्टेच्या जेवणाचं रेटकार्ड... वॉशिंग मशीनची वॉरंटी संपून गेली, पण तिचं कार्ड अजून चकाचक आहे!

मी जवळ जाऊन पाहिलं. खालची कड नव्हतीच. चारही बाजू सरळ कापलेल्या. विचारलं तर म्हणाले, टाचण्यांची भोकं पडून कड खराब झाली होती, लॅमिनेशनवाल्याकडून नीट कापून घेतली. वर श्रीवर्धनपर्यंत एसटीने जाऊन आल्याचं कौतुकही त्यांना हवं होतं.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एका खोलीत पाहुणे होते, त्यांनी आपणहून दार लावून घेतलं. मग दोन दिवस मी अप्पांशी बोलले नाही, आणि ते सुपारीच्या वाडीत शिंपणं काढून बसले.

बुधवारी संध्याकाळी शेवटी आजींना माफीची मेल लिहायला बसले. काय लिहिणार? तुमच्या यजमानांचं नाव आमच्या घरी कापून टाकलं, असं? चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं.

तेवढ्यात अप्पा आले आणि टेबलावर एक लांबट पट्टी ठेवली. तीच कड... लाल शिक्का अख्खा. आणि ती पट्टीसुद्धा वेगळी लॅमिनेट केलेली!

म्हणाले, "शिक्का होता त्याच्यावर. शिक्क्याचा कागद कोन टाकतो काय? सोमवारीच दाखवनार होतो, तू ऐकून घेशील तर ना."

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. अप्पा, मी इतकं सांगितलं होतं, तरी का केलंत, असं विचारलं. तर म्हणाले, तू नव्हतीस, कपाट उघडलं तर बुरशीचा वास आला, याच पोस्टरला ठिपकाही दिसला. आणि मग जे बोलले ते मी या घरात कधीच ऐकलं नव्हतं.

"माझी भजनांची वही भिजली ना, तेव्हा आठ दिस उन्हात घेऊन बसलेलो. पानं सुटलीच न्हाईत."

ती वही गेली हे मला माहीत होतं. तीस वर्षं हाताने लिहिलेली. पण वादळानंतर आम्ही सगळे कौलं, पंप आणि पडलेल्या पोफळी मोजत होतो... वहीबद्दल त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मीही नाही. कागदासाठी जीव टाकणारी मी.

पोस्टर गेलं ते गेलंच. राग अजून आहे, खोटं कशाला बोलू. कपाटाची चावी आता माझ्याकडे असते आणि बाकीची एकोणीस कुलपात आहेत.

गुरुवारी सकाळी पडवीत फोटो काढला. पट्टी पोस्टरच्या खाली जिथे होती तिथे धरून अप्पा वाकून उभे, शिक्का स्वच्छ दिसतोय... कडेला त्यांची बोटं आली आहेत. आजींना फोटो पाठवताना ती मी कापली नाहीत.