मेंढीला मार्गदर्शन

मंत्र्यांनी विधानसभेत जे उत्तर वाचलं, ते माझ्या हस्ताक्षरावरून तयार झालं होतं. हे मी आज उघड सांगते, कारण त्यानंतर जे झालं तेही माझ्याच हस्ताक्षरात आहे.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर आहे. गाव बीड जिल्ह्यातलं, गेवराईच्या बाजूचं, एवढं पुरे. वडील याच दवाखान्यात परिचर होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपावर त्यांची जागा मला मिळाली. बाईमाणूस बैल धरणार म्हटल्यावर सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. एका खोंडानं मला जनावर अडकवायच्या लोखंडी खोड्यावर आपटलं, मी उठले आणि परत त्याची वेसण धरली, तेव्हापासून बघायला येणं बंद झालं. मी रागीट आहे असं गाव म्हणतं आणि गावाचं काही चुकत नाही. म्हणूनच जास्त लाज वाटते, कारण एवढा राग असूनही मी तीन वर्षं गपगुमान खोटं लिहीत होते.

आमच्या दवाखान्याला डॉक्टर होते. म्हणजे पाटीवर होते, हजेरीपटावर होते, प्रत्यक्षात बीडला मोठ्या ऑफिसात प्रतिनियुक्तीवर बसायचे. रुजू झाले तेव्हा महिनाभर इथं होते, हात चांगला होता, मग वरून बोलावणं आलं आणि गेले ते गेलेच. मी रोज सकाळी त्यांची खुर्ची पुसायची आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं ‘प्रतिनियुक्ती’ लिहायची. गुरुवारी शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर यायचे, तेही जमलं तर. आता जनावरं काही गुरुवार बघून आजारी पडत नाहीत.

मग बाकीच्या दिवशी येणाऱ्यांचं काय करायचं? नोंदवहीत उपचाराचा एक रकाना असतो. सुरुवातीला मी तो कोरा ठेवायची. तालुक्याचे साहेब तपासणीला आले, पानं उलटली आणि म्हणाले, “बाई, रकाना कोरा ठेवायचा न्हाई. कोणी आलं की ‘मार्गदर्शन केले’ असं लिवा.” मी विचारलं, कसलं मार्गदर्शन? ते म्हणाले, “तुमी त्यांला कायतरी सांगताच की!” सांगायची खरंच. डॉक्टर नाहीत, गेवराईला न्या, हे सांगायची. तेवढ्याला मी मार्गदर्शन म्हणू लागले आणि रकाने भरू लागले. पान भरलेलं दिसलं की साहेब खूश असायचे, मलाही कटकट नको होती.

गावाच्या शिवेवर एका मावशीचा मेंढरांचा वाडा आहे. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं, त्यावरच त्यांचं घर चालतं. एका मंगळवारी मावशी खांद्यावर मेंढी टाकून आली. मेंढीचं नाक गळत होतं, तोंड आलं होतं, मागून पातळ वाहत होतं. मी तिला गेवराईचा रस्ता सांगितला आणि वहीत मार्गदर्शन लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती दोन कोकरं घेऊन आली. मी परत तेच सांगितलं आणि तेच लिहिलं. कळप सोडून गेवराई गाठायला तिच्याकडं ना गाडी होती ना दुसरं माणूस, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता, पण डॉक्टर आले नाहीत. त्या दिवशी मावशी मोकळ्या हातानं आली.

“बाई, तुमी परवा वहीत कायतरी लिवलं. काल बी लिवलं. काय लिवलं?”

तिला वाचता येत नव्हतं. मी म्हणाले, “तुमचं नाव लिहिलं, मावशी.”

“माझं नाव लिवून मेंढरू उठतंय व्हय?” एवढं बोलून ती गेली. त्या आठवड्यात तिचा वाडा बराचसा रिकामा झाला.

पुढं काही दिवसांनी आमचे आमदार गावात एका लग्नाला आले. पहिल्याच खेपेचे आमदार. देवमाणूस वगैरे काही नव्हते, आमच्या रस्त्याची खडी त्यांनी कबूल केल्यापासून तशीच पडून होती. पण लग्नाहून परतताना मावशीनं उरलेली मेंढरं त्यांच्या गाडीपुढं आडवी घातली. गाडीनं हॉर्न दिला. मेंढरं हलली नाहीत, मावशीही नाही. आमदार खाली उतरले, रस्त्यातच उभं राहून सगळं ऐकलं आणि दवाखान्यात येऊन त्या रिकाम्या खुर्चीचा आणि वहीच्या त्या पानाचा फोटो काढून नेला. मी अडवलं नाही. मला वाटलं, पुढच्या पुलापर्यंत विसरतील.

ते विसरले नाहीत. अधिवेशन सुरू झालं आणि माझ्या मोबाइलवर तालुक्याहून पत्र आलं. वर ‘विधानसभा तारांकित प्रश्न, अति तातडीचे’. खाली आमच्या गावाचं नाव आणि प्रश्न: दवाखान्यात डॉक्टर उपलब्ध नसल्याने मेंढ्या दगावल्या, हे खरे आहे काय? साहेबांचा फोन आला, “वहीच्या पानांचे फोटो पाठवा. बाकी आमी बघतो.” मी पाठवले. सभागृहातला प्रश्न असा खाली उतरत उतरत माझ्या टेबलापर्यंत येतो आणि उत्तर होऊन परत वर चढतं. प्रत्येक टेबलावर त्याला थोडी इस्त्री होते.

प्रश्न लागला त्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर दहा-पंधरा माणसं जमली. मावशी खांबाला टेकून बसली होती. औषधाच्या खोक्याला माझा मोबाइल टेकवून आम्ही सभागृह बघत होतो. मंत्री उठले आणि वाचू लागले. “हे खरे नाही. सदर दवाखान्यातील पद भरलेले आहे. नोंदवहीनुसार सर्व जनावरांना उपचार व मार्गदर्शन करण्यात आले आहे.”

‘मार्गदर्शन’ हा शब्द माझ्या वहीतला होता.

आमदार उठले. “अध्यक्ष महोदय, उपचार मी समजू शकतो. पण मार्गदर्शन कोणाला केलं? मेंढीला? आमच्याकडची मेंढी लई हुशार हाय, पण सरकारचं मार्गदर्शन घेऊन बरी होण्याइतकी न्हाई.” सभागृहात हशा पिकला. ते थांबले नाहीत. “ह्या पानावर एकाच बाईच्या नावापुढं लागोपाठ दोन दिवस मार्गदर्शन. ना औषध, ना सुई. मंत्र्यांनी एवढंच सांगावं, मार्गदर्शन म्हणजे नेमकं काय केलं?”

मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या सज्जाकडं पाहिलं. एक चिठ्ठी आली, ती त्यांनी वाचली आणि म्हणाले, माहिती घेऊन सांगण्यात येईल. “मेंढरं मेल्यावर कसली माहिती घेता?” आमदार खाली बसेचनात. शेवटी अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला, म्हणजे याच प्रश्नाला परत उत्तर द्यायचं.

ओट्यावर टाळ्या पडल्या. “धुतलं बे आमदारानं!” कोणीतरी ओरडलं. हसली नाही ती एकटी मावशी. ती माझ्याकडं बघत होती.

“ते मार्गदर्शन कोणी लिवलं, बाई?”

मी म्हणाले, “मी.”

“मग मला नाव लिवलं म्हणून कावून सांगितलं?”

तिनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि ती चालू लागली. खोंडानं आपटलं होतं तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं.

दोन दिवसांत दुसरं पत्र आलं. मार्गदर्शनाचे स्वरूप काय होते, याचा खुलासा करा. पाठोपाठ साहेबांचा फोन. “आहार, लसीकरण आणि स्वच्छतेबाबत मार्गदर्शन केले, एवढं लिवून सही करा.”

“साहेब, असलं काही मी केलंच नाही.”

“बाई, अनुकंपाची नोकरी हाय तुमची. खोट्या नोंदी निघाल्या तर पयली मान तुमचीच अडकंल. आमी तोंडी सांगितलेलं कुठं दिसतंय?”

त्यांचं बरोबर होतं. तोंडी सांगितलेलं कुठंच दिसत नाही, लिहिणारा हात तेवढा दिसतो. घरात मुलगी बारावीला, आई अंथरुणाला खिळलेली, दुसरं कमावणारं कोणी नाही. मी घाबरले. पण घाबरता घाबरताच माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्याच हातानं मला परत एकदा खोटं पाडणार, आणि तेही त्या मावशीपुढं! नाही म्हणजे नाही. मी कागद ओढला. राग आला की माझं अक्षर चांगलं येतं.

लिहिलं ते असं: “मार्गदर्शन म्हणजे डॉक्टर नाहीत, जनावर गेवराईला न्या, असे सांगणे. दुसरे काहीही केलेले नाही. रकाना कोरा ठेवू नये असा मला वरिष्ठांचा तोंडी आदेश होता. नोंदी माझ्या हस्ताक्षरातील आहेत.” खाली सही केली, पूर्ण नावानिशी.

हा कागद तालुक्याला दिला असता तर तिथंच जिरला असता. म्हणून रजा टाकली, एसटीनं बीड गाठलं आणि मोठ्या ऑफिसात जाऊन म्हणाले, हे घ्या आणि पोच द्या. तिथल्या माणसानं आतल्या टेबलाकडं बोट केलं, विधानसभेचं सगळं तिकडं.

त्या टेबलावर आमचे डॉक्टर बसले होते, संगणकावर टाइप करत. पडद्यावर आमच्याच गावाचा प्रश्न होता. तेव्हा कुठं मला कळलं. डॉक्टरांचं टायपिंग चांगलं, म्हणून त्यांना विधानसभेच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायला इथं आणून बसवलं होतं. ‘पद भरलेले आहे’ हे वाक्य त्यांनी स्वतःविषयीच टाइप केलं होतं. मला मोठ्यानं हसू फुटलं, सगळं ऑफिस बघायला लागलं.

“डॉक्टर, तुम्ही गावात आहात असं तुम्हीच लिहिलंत?”

“पद भरलेलं आहे, असं लिहिलंय. ते चुकीचं नाही, बाई.”

“मग मार्गदर्शनही चुकीचं नाही.”

त्यांनी मान खाली घातली. “मला इथं यायचं नव्हतं. परत पाठवा म्हणून दोनदा अर्ज दिलाय.”

“मावशी तीनदा आली होती,” मी म्हणाले.

त्यांनी माझा कागद घेतला, सावकाश वाचला. मग हळू आवाजात म्हणाले, “तोंडी आदेशाचं वाक्य काढू या का? तुम्हालाच त्रास होईल.”

“एक अक्षर काढायचं नाही.”

त्यांनी पोचेचा शिक्का मारला. शिक्का वाळेपर्यंत मी तिथून हलले नाही. मग त्यांनी पडद्यावरचं आधीचं उत्तर पुसलं आणि माझ्यासमोर नवं टाइप करायला घेतलं.

दुसऱ्यांदा प्रश्न निघाला तेव्हा मंत्र्यांनी तीनच शब्दांनी सुरुवात केली. “हे खरे आहे.” कडू औषध गिळावं तसं तोंड झालं होतं त्यांचं. प्रतिनियुक्ती रद्द करतो म्हणाले. आमदारांचं तेवढ्यानं भागलं नाही. “राज्यात असे आणखी किती डॉक्टर टायपिंग करत बसलेत, ते बी सांगा.” तेवढ्यात प्रश्नोत्तराचा तास संपला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

डॉक्टर सोमवारी रुजू झाले. त्याच आठवड्यात मला कारणे दाखवा नोटीस आली. खोट्या नोंदी केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये? साहेबांनी शब्द पाळला म्हणायचा. मी खुलासा लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, हे खरे आहे.

खुलासा संपत आला होता तेवढ्यात मावशी दारात उभी राहिली. ओट्यावरून उठून गेली होती, त्यानंतर पहिल्यांदाच. काखेत लंगडणारं कोकरू होतं. डॉक्टर खुर्चीवर होते, तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मग माझ्या हातातल्या कागदाकडं.

“आज काय लिवलं, बाई?”

मी तिला वाचून दाखवलं. पहिल्यापासून. “हे खरे आहे. नोंदी खोट्या होत्या व त्या मी केल्या. त्या करायला मला सांगण्यात आले होते, हे मी आधीच लेखी दिले आहे. यापुढे कोणीही सांगितले तरी करणार नाही.” खाली माझं नाव होतं, तेही वाचलं. ती शेवटपर्यंत उभ्यानं ऐकत होती.

“आता ह्याचं लिवा,” ती म्हणाली आणि कोकरू टेबलावर ठेवलं.

मी नोंदवही उघडली. तारीख लिहिली, तिचं नाव लिहिलं, आणि डॉक्टरांची सुई टोचून होईपर्यंत उपचाराचा रकाना कोरा ठेवला.