जमिनीत नसलेली पाइप

बायको गेली तेव्हा तिसऱ्या दिवशीची राख मी सगळी नदीला दिली नाही. मूठभर शेताच्या वरच्या अंगाला पुरली, वर लिंबोणी लावली. रोज सकाळी तिथं जाऊन बसतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरू दे.

यंदा विहीर आटली. सून बोरगावच्या रस्त्याकडच्या नळावरनं घागरी वाहायला लागली, तिची कंबर धरली. म्हणून मुलानं कॉलेजातल्या फिजिक्सच्या एका बाईंना गाठलं. जमिनीच्या पोटातलं वरनं कसं ओळखायचं, ते त्या शिकवतात. "पोरास्नी शिकवायला रान पायजे न्हवं? आमचं घ्या," म्हणाला.

बाई पोरापोरींना घेऊन आल्या. चार सळ्या एका ओळीत ठोकल्या. सळीच्या बुडाला मिठाचं पाणी ओतलं तसा मी ओरडलो, "अवो बाई, रानात मीठ? रान मारताय व्हय माझं?"

"आजोबा, तांब्याभर तर आहे. कोरड्या मातीत वीज शिरत नाही."

मग समजावून सांगितलं. बाहेरच्या दोन सळ्यांतनं वीज जमिनीत सोडायची, आतल्या दोन सळ्यांमध्ये तिचा दाब मोजायचा. कोरडा काळा दगड विजेला अडवतो, आकडा चढतो; ओली भेग वाट देते, आकडा उतरतो. सळ्या जेवढ्या लांब सरकवाल तेवढं खोलचं कळतं. मी चौथी नापास, पण एवढं कळलं.

दोन जागा कोरड्या निघाल्या. मग ओळीचा मध्य लिंबोणीजवळ आला. आकडा वाचणारी पोरगी उडालीच. "मॅडम, एकदम खाली आला!"

माझ्या डोळ्यापुढं बोअरची गाडी उभी राहिली. तिची चाकं, अन् चाकाखाली माझी बायको.

"तिथं जुनी लोखंडी पाइप पुरलीया," मी म्हटलं.

बाईंचं तोंड उतरलं. "मग हा आकडा पाइपचा. लोखंडातनं वीज पळते." त्यांनी वहीतल्या त्या ओळीवर काट मारली.

पाइप नव्हतीच.

उरलेल्या दोन जागांत बांधाकडचा आकडा त्यातल्या त्यात बरा होता, तिथं बोअरचं मशीन लावलं. दिवसभर नुसता दगडाचा भुगा उडाला. पाणी न्हाय.

दुसऱ्या दिवशी सून घागर घेऊन निघाली आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. तिनं घागर खाली ठेवली.

"मामा, आत्तींनी जल्मभर पाणी वाहिलं. आता त्यांनाच पाण्याच्या राखणीला बसवलंय व्हय?"

मी तिच्यासमोरच बाईंना फोन लावला, आवाज मोठा करून. त्या रागावल्या. "पोरांनी त्याच वहीवरनं प्रयोग लिहिला, आजोबा. सगळा चुकीचा." मग म्हणाल्या, "तिथं पाणीच असेल असंही नाही. चिकणमातीही असाच आकडा देते. परत मोजू. पण आकडा तसाच आला, तर मशीन लावू द्याल?"

राख कधीच मातीत मिसळली असणार. ती वेचून कुठं नेऊ?

सुनेनं माझ्या हातातला फोन घेतला. "या बाई परवा. लावू मशीन."

मी तिला अडवलं नाही. तेवढंच जमलं.