वंदनाने गुंडाळलेली सतरंजी

पोळ्यानंतरचा रविवार. पांढरकवड्याला वंदनाच्या घरी आम्ही चौघं होतो: तिचे मोठे भाऊ सुधाकरदादा, वहिनी, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मी. तिला जाऊन महिना झाला होता. दादांनी विचारलं, तिचं काही काम राहिलंय का? अशा प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार असतं. त्या दिवशी मला फक्त उन्हाळ्यातली एक सतरंजी आठवली.

आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. मी कामांची यादी केली की वंदना शेवटी ‘जेवण’ असं लिहायची, कारण ते मी विसरायचे. या उन्हाळ्यात एका निसर्ग मंडळासाठी आम्ही जंगलालगतच्या गावांत विचारत फिरलो, की वन्यप्राण्यांची माहिती देणारा वर्ग लोकांना हवा आहे का. मुकुटबनकडच्या एका गावात देवळासमोर सतरंजी टाकून बसलो. चहा आला, आणि झाडून सगळ्या बायकांनी हो म्हटलं. मी खूश. वंदना त्याच भागातली. माझ्या कानाशी येऊन हसली.

“पाहुण्याले तोंडावर नाही कोन म्हणते गं? पोहण्याचा वर्ग म्हणशीन, तरी हो म्हणतीन.”

मग उठून ती सतरंजी गुंडाळायलाच लागली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की इथे काही घाई दिसत नाही, वर्ग शेजारच्या गावाला देऊ. मी ओशाळले. बायका पदर झटकून उठल्या, काही घरीही निघाल्या. त्यांच्यातल्या कौसल्याबाईंनी मात्र सतरंजीचं दुसरं टोक धरून ठेवलं.

“नेऊ नका बाई. वाघाचे फोटो नाही पायजे, त्याले आमी पाह्यतो. कापूस वेचतानी दिवसभर वाकून राहा लागते. थो मांगून आला तं कराव काय, थे सांगा.”

मागच्या वेचणीत त्यांच्या जावेवर वाघाने झडप घातली होती. जीव वाचला, पण शेतात जाणं सुटलं. ते ऐकून निघालेल्या बायकाही परतून बसल्या. मागणी खरी होती, फक्त आमच्या प्रश्नात मावत नव्हती. यंदाच्या वेचणीआधी शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच वर्ग घेऊ, असा वंदनाने शब्द दिला.

परवा कौसल्याबाईंचा फोन आला. वंदना गेल्याचं त्यांना कळलं होतं. बराच वेळ तिच्याबद्दलच बोलल्या. मग अडखळत विचारलं, ताई गेल्या, आता वर्ग तुम्ही घ्याल ना? मी लगेच हो म्हटलं.

“हो नका म्हणू बाई. दिवस सांगा.”

कपाशीची बोंडं फुटायला लागली आहेत, वेचणी जवळ आली. दिवस अजून सांगायचा आहे.