व्हर्नाने बिअरसाठी घेतलेला दत्तक

दर शुक्रवारी आमचं विस्कॉन्सिनमधलं अख्खं गाव तळलेले मासे खायला व्हर्ना शुल्टाइसच्या बारमध्ये जमतं, आणि दारू प्यायचं वय किती असावं यावरून एकमेकांच्या उरावर बसतं. व्हर्नाचं मत ठाम होतं: एकवीस. सरकार म्हणतं म्हणून नव्हे. पूर्वी एकोणिसाव्या वर्षी चालायचं, तेव्हा त्या पोरांनी संडासाची केलेली दशा तिने स्वतःच्या हातांनी धुतली होती.

आमच्या कायद्यात एक गंमत आहे. आई किंवा बाप शेजारी असेल, तर पोराने कितव्याही वर्षी बारमध्ये ग्लास उचलावा, पोलीस ब्र काढत नाहीत. डेल ब्रुनर आपल्या ट्रेव्हरला चौदाव्या वर्षापासून आणायचा. ट्रेव्हरची आई तो लहान असतानाच वारलेली. बापलेक मासे खात, एकेक बिअर पीत. व्हर्ना नाक मुरडत देई, पण देई.

त्या हिवाळ्यात डेल गेला. ट्रेव्हर तेव्हा एकोणीस वर्षांचा, सैन्यात होता. रजा घेऊन आला. दफन उरकून आम्ही सगळे बारमध्ये आलो आणि तो बापाच्या स्टुलावर बसला.

"एक बिअर द्या, व्हर्नाबाई."

"बाप कुठाय?" व्हर्ना म्हणाली.

कोवळ्या पोरांना हे विचारायची तीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.

"अगं बाई, आत्ताच पुरून आलो की त्याला!" म्हातारा ऑर्व्हिल ओरडला.

व्हर्ना पांढरीफटक पडली, पण बिअरच्या नळाकडे हात गेला नाही.

"चौदाव्या वर्षी चालत होतो," ट्रेव्हर म्हणाला. "आता बंदूक चालवतो तर चालत नाही होय?"

"तेव्हा बाप होता. लिंबू सरबत देते."

"ओत की गं एक! कोण बघतंय?" ऑर्व्हिल म्हणाला.

"मी बघतेय."

पोरगा उठून गेला. मला तर तिच्या डोक्यात माशांची परात घालावीशी वाटली.

सोमवारी व्हर्नाने माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवला. गाडीत मागे ट्रेव्हर बसलेला, गोंधळलेला. "साक्षीदार हवाय, चल," एवढंच ती बोलली. वकिलाकडे गेल्यावर कळलं: बाई त्याला दत्तक घेत होती! आमच्याकडे सज्ञान माणसालाही घेता येतं, दोघांची संमती पुरते. सुनावणी लागली ती तो इराकला निघायच्या आदल्या आठवड्यात.

"एकोणीस वर्षांचा माणूस दत्तक कशासाठी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"बिअरसाठी, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे कोर्ट आहे."

"मग दुसरं कारण लिहा," व्हर्ना म्हणाली. "तुम्ही त्याला लढाईवर पाठवताय. काही बरंवाईट झालं तर सांगायला कुणाच्या दारात जाणार?"

न्यायाधीशांनी सही केली. मी रुमाल शोधत होतो, लाज वाटत नाही सांगायला.

त्या शुक्रवारी ट्रेव्हर त्याच स्टुलावर बसला. "आई, एक बिअर." व्हर्नाने काठोकाठ भरून दिली आणि तो संपवेपर्यंत समोरून हलली नाही.

"अजून एक."

"नाही."

"अगं, आता कायद्याने चालतं!"

"कायद्याला चालत असेल," व्हर्ना म्हणाली. "तुझ्या आईला नाही चालत. मासे खा आधी."